देव आपला प्रेमळ आणि सार्वभौम पिता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत मराठीतून शास्त्राभ्यासाचे वर्ग घेताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते येथे एकत्र केले आहेत. त्यांतील काही जन्माने ख्रिस्ती असलेल्यांचे आहेत, काही शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आहेत, तर काही प्रश्न विचारणाऱ्यांनी ते मयताच्या घरी, अगदी हलक्या आवाजात विचारले होते.

देवाला ‘पिता’ म्हणण्याला आधार काय?

आधार पवित्र शास्त्राचा आहे. जुन्या करारात देवाला पिता म्हटलेले आढळते, पण थोड्याच ठिकाणी, आणि बहुधा साऱ्या इस्राएल राष्ट्राचा पिता या अर्थाने. जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायात मोशे लोकांना विचारतो की ज्याने तुम्हांला घडवले तोच तुमचा पिता नव्हे काय. होशेयच्या ११ व्या अध्यायात देव म्हणतो की एफ्राइमाला चालायला मीच शिकवले. येशूने मात्र हा शब्द प्रत्येकाच्या प्रार्थनेच्या आरंभी आणून ठेवला. त्याने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मत्तयाच्या ६ व्या आणि लूकच्या ११ व्या अध्यायात आहे, आणि मूळ ग्रीक भाषेत दोन्हीकडे तिचा पहिला शब्द ‘पिता’ हाच आहे.

येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिच्यातील ‘अब्बा’ हा शब्द नव्या करारात तीन ठिकाणी जसाच्या तसा राहिला आहे: मार्कच्या १४ व्या अध्यायात, रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात आणि गलतीकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात. ‘अब्बा’ म्हणजे तान्ह्या मुलाचे बोबडे बोल, असे प्रवचनांतून पुष्कळदा सांगितले जाते. ते पूर्णपणे खरे नाही, कारण जाणती माणसेही आपल्या बापाला ‘अब्बा’च म्हणत. आपल्या भागात हे समजायला अवघड नाही. येथील कितीतरी मराठी घरांत वडिलांना ‘आप्पा’ म्हणतात, कन्नड घरांत ‘अप्पा’ म्हणतात. अंगणात पडलेले दोन वर्षांचे पोर ‘आप्पा’ म्हणून रडते आणि पन्नाशीला आलेला मुलगा बांधावरून ‘आप्पा, पाणी सोडू का?’ असे विचारतो. पहिल्या हाकेत गरज आहे, दुसरीत आज्ञेची वाट पाहणे आहे, आणि शब्द एकच आहे. गेथशेमाने बागेत येशूच्या तोंडी ‘अब्बा’ येते तेव्हा त्यात ही दोन्ही आहेत: हा प्याला माझ्यापासून दूर कर, ही विनवणी, आणि तरी माझ्या इच्छेप्रमाणे नव्हे तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे शरण जाणे.

जो सर्वांवर सत्ता चालवतो तो प्रेमळ कसा असेल? या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत का?

हा या सर्व प्रश्नांचा गाभा आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. सत्तेचा आपला अनुभव बहुतेक वेळा दुरूनच असतो. आपल्याकडच्या जुन्या अर्जांत ‘मायबाप सरकार’ असे लिहिण्याची पद्धत होती; ज्याला मायबाप म्हणायचे त्याच्यासमोर हात जोडून उभे राहायचे, आणि त्याने मान वर करून पाहिले तरी नशीब समजायचे. या अनुभवातून आलेला माणूस ‘देव सार्वभौम आहे’ हे वाक्य ऐकतो तेव्हा त्याला कचेरीच आठवते. दुसरीकडे, प्रेमाचा अनुभव असा असतो की ते अनेकदा हतबल असते. जिल्ह्याच्या दवाखान्यात वॉर्डाबाहेरच्या बाकावर रात्रभर बसून राहिलेला बाप मी पाहिला आहे. हातात औषधांची चिठ्ठी होती, ती घडी करून करून मऊ पडली होती. त्याच्या प्रेमात काहीही कमी नव्हते, पण आत चाललेल्या गोष्टीवर त्याची काडीची सत्ता नव्हती.

ख्रिस्ती श्रद्धा सांगते ती गोष्ट ही, की जगावर ज्याची सत्ता आहे आणि आपल्यासाठी ज्याचा जीव तुटतो तो एकच आहे. मंडळीच्या उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, आणि ३२५ साली निकीया येथील धर्मसभेत मांडलेल्या मतांगीकारात देवाविषयीच्या पहिल्याच वाक्यात ‘पिता’ आणि ‘सर्वसमर्थ’ हे शब्द शेजारी शेजारी आले आहेत. एक नरम बाजू आणि एक कडक बाजू, असे ते तोलून धरलेले नाहीत. त्याची सत्ता ही बापाची सत्ता आहे, आणि त्याचे प्रेम हे ज्याच्या हातात सर्व काही आहे त्याचे प्रेम आहे. यांतील एक जरी काढून घेतले तरी प्रार्थनेला अर्थ उरत नाही, कारण सत्ता नसलेल्याकडे मागून उपयोग नाही आणि प्रेम नसलेल्याकडे मागण्याचे धैर्य होत नाही.

यशयाच्या ६४ व्या अध्यायातील ८ वे वचन मला या संदर्भात फार मोलाचे वाटते, कारण त्यात एकाच श्वासात म्हटले आहे की हे परमेश्वरा, तू आमचा पिता आहेस. आम्ही माती आहोत आणि तू आमचा कुंभार आहेस. खानापूरच्या मातीत वाढलेल्या माणसाला हे वचन पुस्तकी वाटणार नाही. आपले खानापूर कुंभारकामासाठी ओळखले जाते, आणि या कामाचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही येथे आहे. चाकावर गोळा फिरत असताना कुंभाराचा एक हात भांड्याच्या आत असतो आणि दुसरा बाहेर, दोन्ही हात ओले, आणि डोळे क्षणभरही मातीवरून हलत नाहीत. माती त्याच्या पूर्ण ताब्यात असते, हे खरे. पण तितक्या जवळून, तितक्या लक्षपूर्वक त्या मातीला दुसरे कोणीही हाताळलेले नसते. काठ वेडावाकडा झाला तर तो गोळा परत मळून पुन्हा चाकावर चढवतो, आणि यिर्मया संदेष्ट्याने कुंभाराच्या घरी जाऊन पाहिले ते नेमके हेच होते. ते त्याच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात आहे.

पुढचा १९ वा अध्यायही वाचावा, तो सहसा वाचला जात नाही. तेथे यिर्मया भाजलेले मडके फोडतो आणि सांगतो की हे आता सांधता येणार नाही. ओली माती आणि भाजलेले मडके यांतील फरक कोणत्याही कुंभाराला सांगावा लागत नाही. पित्याच्या प्रेमाविषयी बोलताना मन निबर होऊ देण्याविषयीचा हा इशारा गाळून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

म्हणजे सगळे आधीच ठरलेले आहे का? सटवाईने कपाळावर लिहिले, असे आपण म्हणतो, तेच हे का?

नाही. सटवाईच्या लिहिण्यात लिहिणारीला आपल्याशी काही देणेघेणे नसते. एकदा लिहिले की ते पुसत नाही, आणि कोणी आर्जव केले तरी ऐकणारे कोणी नसते. प्राक्तनाशी बोलता येत नाही, पित्याशी बोलता येते. शास्त्रात देवाची सत्ता माणसाचे स्वातंत्र्य पुसून टाकत नाही. लूकच्या १५ व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो. उताऱ्यावर नाव लावण्यावरून घरे कशी फुटतात हे आपल्या गावांना वेगळे सांगायला नको, आणि हयात बापाकडे वाटणी मागणे म्हणजे त्याच्या मरणाची वाट पाहण्याचा कंटाळा आला, असे तोंडावर सांगणे होय, हेही आपल्याला कळते. बाप त्याला अडवू शकला असता, पण त्याने वाटणी करून दिली. मुलगा दूर गेला तरी घर बापाचेच राहिले, मुलगाही बापाचाच राहिला, आणि परतीचा रस्ता मोकळा राहिला. देवाच्या सार्वभौम सत्तेत माणसाला चुकण्याइतकी मोकळीक आहे, पण त्या चुकीने देवाचा हेतू मोडून पडत नाही.

हे सगळे तर्काने पूर्ण उलगडते, असा माझा दावा नाही. नव्या करारातील अनेक पत्रे लिहिणाऱ्या पौलानेही रोमकरांस पत्राच्या ९ ते ११ या अध्यायांत या विषयाची पुष्कळ चर्चा करून शेवटी देवाच्या ज्ञानाच्या खोलीपुढे नमस्कारच केला आहे.

देव पिता आहे, तर महापूर, अपघात आणि लेकरांची मरणे का?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय या नद्यांना आलेला पूर आपल्या जिल्ह्यातील कोणीही विसरलेले नाही. गोकाक आणि रामदुर्ग पाण्यात गेले, चिकोडीकडची नदीकाठची गावे पाण्यात गेली, मातीच्या भिंतींची घरे बसली. त्यानंतरच्या रविवारी मला एका बाईंनी विचारले की आमचे काय चुकले होते. ओसरलेल्या पाण्याची रेघ त्यांच्या घराच्या भिंतीवर छातीच्या उंचीवर दिसत होती आणि त्याच भिंतीला टेकून त्या बोलत होत्या.

या प्रश्नाला येशूने दिलेले उत्तर आधी ऐकावे. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसे मेली होती, आणि ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असे विचारून येशूने स्वतःच ‘नाही’ असे उत्तर दिले. हे लूकच्या १३ व्या अध्यायात आहे. जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाविषयी, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हाही त्याने दोन्ही पर्याय नाकारले. त्यामुळे आपत्ती पाहून तिच्याखाली सापडलेल्याच्या पापाचा हिशोब मांडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग पित्याची सत्ता कोठे राहिली? येशूने चिमण्यांचा दाखला दिला आहे: एका पैशाला दोन चिमण्या विकत मिळतात, तरी तुमच्या पित्यावाचून त्यांतील एकही जमिनीवर पडत नाही. हे वाक्य नीट वाचले पाहिजे. चिमणी पडणारच नाही, असे त्यात म्हटलेले नाही. ती पित्याच्या नजरेआड पडत नाही, एवढे सांगितले आहे. योसेफाला त्याच्या भावांनी विकले, आणि पुष्कळ वर्षांनी तो त्यांना म्हणाला की तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले योजले. हे तो मिसर देशात, बापाच्या मरणानंतर, स्वतःच्या तोंडाने म्हणाला, हे लक्षात ठेवावे. विहिरीत टाकलेल्या योसेफाला वर काठावरून हे वाक्य ऐकवण्याचा हक्क कोणालाही नव्हता.

एका लेकराच्या मयताला एका माणसाने त्याच्या आईला सांगितले होते की देवाला फूल आवडले म्हणून त्याने ते खुडले. मला ते तेव्हाही सहन झाले नाही आणि आजही होत नाही. शास्त्रात असे कोठेही लिहिलेले नाही. शास्त्रात लिहिले आहे ते असे, की मेलेल्या लाजराला उठवण्याची सत्ता हातात असतानाही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. दुःखाच्या घरी आपण एवढेच करावे: जवळ बसावे, चहा करून द्यावा, आणि आई बोलेल ते ऐकावे.

माझे वडील दारू पिऊन आम्हांला मारत असत. मला देवाला ‘बाप’ म्हणवत नाही. मी काय करू?

आपल्याला घाई नाही. हा प्रश्न विचारणारे आपण एकटे नाही. संध्याकाळी सायकलचा आवाज आला की पोरे माळ्यावर चढून बसतात, अशी घरे मी पाहिली आहेत. ज्याने बाप हा शब्दच मोडून ठेवला त्याच्यामुळे आपण अडखळलात, तर तो दोष आपला नाही.

घरच्या बापावरून देवाची कल्पना करायची, हा क्रम मात्र उलटा आहे. इफिसकरांस पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात पौल सांगतो की प्रत्येक कुळाला त्या पित्यावरून नाव मिळाले आहे; म्हणजे मूळ तो आहे, आणि जगातील प्रत्येक बापाला त्याच्या मापाने मोजायचे आहे. आपले वडील त्या मापाला उतरले नाहीत, आणि देव त्यांची बाजू घेत नाही. स्तोत्र ६८ मध्ये त्याला पोरक्यांचा पिता आणि विधवांचा कैवारी म्हटले आहे, आणि स्तोत्र २७ लिहिणारा तर स्पष्टच म्हणतो की आईबापांनी मला सोडले तरी परमेश्वर मला जवळ घेईल. वाटणी उडवून परत आलेल्या मुलाकडे बाप धावत गेला, हेही पाहावे. आपल्याकडे प्रतिष्ठित वयस्कर माणूस धोतराचा सोगा सावरत भर गावातून धावत नाही, आणि त्या काळी तिकडेही तसा धावत नसे. तो धावत गेला तो मारायला नव्हे.

तोवर देवाला प्रभू म्हणा, मेंढपाळ म्हणा. ही नावेही शास्त्रातलीच आहेत. आणि आज जर कोणाच्या घरी मारहाण चालू असेल, तर ती सोसत राहणे ही देवाची इच्छा आहे असे कोणी सांगितले तरी मानू नका. सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसाला सांगा, पोलिसांची मदत घ्या.

जो दिसत नाही त्याला बाप कसे म्हणायचे?

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे, आणि आपल्या गावागावांतील मुलगे फौजेत आहेत. अशा घरातील लहान मूल भिंतीवरच्या वर्दीतल्या फोटोकडे बोट दाखवून ‘पप्पा’ म्हणायला शिकते, आणि पप्पा खरोखर सुट्टीवर येऊन दारात ट्रंक ठेवतात तेव्हा आईच्या पदराआड लपते. एकदोन दिवस जातात, मग ते खांद्यावरून उतरत नाही. फिलिप्प या शिष्याने येशूला म्हटले की आम्हांला पिता दाखव म्हणजे पुरे. त्यावर येशू म्हणाला की ज्याने मला पाहिले आहे त्याने पित्याला पाहिले आहे. ख्रिस्ती माणसाला पिता कसा आहे हे कळते ते येशूकडे पाहून: कुष्ठरोग्याला हात लावणारा, वादळाला दटावणारा, लेकरांना कवेत घेणारा. फोटोपुरता ओळखीचा असलेला बाप त्याच्या रूपाने दारात आला, असा आमचा विश्वास आहे.

देव पुरुष आहे का? विठोबाला ‘माउली’ म्हणतात, तसे ख्रिस्ती लोक का म्हणत नाहीत?

देव आत्मा आहे, असे योहानाच्या ४ थ्या अध्यायात म्हटले आहे. तो पुरुष नाही आणि स्त्रीही नाही. आईची उपमा शास्त्राला परकी नाही. आई जशी मुलाचे सांत्वन करते तसे मी तुमचे सांत्वन करीन, असे देव यशयाच्या ६६ व्या अध्यायात म्हणतो, आणि ४९ व्या अध्यायात तो विचारतो की आपल्या तान्ह्या लेकराला आई विसरेल काय. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतात आणि ज्ञानेश्वरांच्या अभंगांची नाममुद्रा ‘बाप रखुमादेवीवरू’ अशी येते. मराठी माणसाच्या कानाला मायबाप एकत्र ऐकण्याची सवय आहे, आणि त्या सवयीचा या बाबतीत फायदाच होतो. तरीही येशूने प्रार्थनेसाठी जे नाव शिकवले ते ‘पिता’ हे आहे, म्हणून आम्ही ते बदलत नाही.

देव सर्वांचाच पिता आहे, मग ‘देवाची मुले होण्याचा अधिकार’ म्हणजे काय?

निर्माणकर्ता या अर्थाने तो सर्वांचा पिता आहे. अथेन्समध्ये पौलाने हेच सांगितले. परंतु योहानाच्या १ ल्या अध्यायात म्हटले आहे की ज्यांनी येशूचा स्वीकार केला त्यांना देवाची मुले होण्याचा अधिकार दिला, आणि पौल त्यासाठी दत्तकाचा शब्द वापरतो. आपल्या जिल्ह्यात दत्तक म्हणजे काय हे इतिहासाने शिकवले आहे: कित्तूरच्या गादीवरचे दत्तकविधान इंग्रजांनी मान्य केले नाही, आणि १८२४ साली राणी चन्नम्मांनी त्यासाठी लढाई दिली. तो वाद माया लावण्याचा नव्हता, वारशाचा होता. दत्तक घेतलेल्याला पोटच्या मुलाइतकाच हक्क मिळतो की नाही, हाच प्रश्न होता. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल देवाच्या बाजूने याचे उत्तर देतो: मुले आहोत म्हणून वारीसही आहोत, ख्रिस्ताबरोबर वारीस आहोत.

पित्याला नवस बोलता येतो का?

बोलण्याची गरज नाही. नवसात देवाणघेवाण असते: तू हे कर, मी ते वाहीन. स्वतःच्या बापाशी कोणी असा सौदा करत नाही. तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा पित्याला ठाऊक आहेत, असे येशूने सांगितले, आणि लगेच पुढे मागायलाही शिकवले. ठाऊक असून मागायचे कशाला, हे ज्याला पडते त्याने आपल्या लेकराचा शाळेतून आल्यावरचा चेहरा आठवावा. त्याला भूक लागली आहे हे आईला कळलेले असते, तरी त्याने येऊन सांगावे, असे तिला वाटते.

देव शिस्त लावतो, म्हणजे आजारपण ही शिक्षा असते का?

इब्री लोकांस पत्राच्या १२ व्या अध्यायात पिता शिस्त लावतो असे म्हटले आहे, ते छळ सोसणाऱ्या विश्वासणाऱ्यांना धीर देण्यासाठी. त्याचा वापर आपल्या स्वतःच्या मनाची तपासणी करण्यासाठी करावा, शेजाऱ्याच्या आजारपणाचा निवाडा करण्यासाठी नव्हे.

देवाला पिता म्हटले की घरच्या आईवडिलांना सोडावे लागते का?

नाही. आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख, ही दहा आज्ञांतील आज्ञा आहे, आणि वधस्तंभावरूनही येशूने आपल्या आईची सोय लावली. निष्ठेचा पहिला हक्क देवाचा आहे, हे येशूने स्पष्ट सांगितले आहे. पण घरी म्हाताऱ्या आईला उपाशी ठेवून उपासनेला धावणाऱ्याला त्याने कधी शाबासकी दिलेली नाही.

प्रार्थना कोणत्या भाषेत करावी?

ज्या भाषेत आपण रडतो, त्या भाषेत. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली बेळगावात आले, कॅथोलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला, आणि आज या शहरात मराठी, कन्नड, कोंकणी आणि इंग्रजी अशा भाषांतून उपासना चालतात. शास्त्र साध्या मराठीत आणण्यासाठी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाई १८५८ साली कर्नाटकातच जन्मल्या होत्या. भाषेवरून आपल्या भागात खूप काही सोसले गेले आहे, आणि ते मी हलके मानत नाही. पण माझ्या ओळखीच्या एका आजी प्रभूची प्रार्थना मराठीत सुरू करतात, मध्येच माहेरच्या कन्नडमध्ये जातात, ‘तंदे’ म्हणजे ‘पिता’ म्हणतात, आणि रोजची भाकर मागताना पुन्हा मराठीत येतात. त्यांची सून एकदा त्यांना दुरुस्त करू लागली, तेव्हा आजी म्हणाल्या, ‘गप्प बस गं, त्याला कळतंय.’